कर्तव्यनिष्ठ अहिल्याबाई

नर्मदेच्या तीरावर महेश्वर नावाचे गाव आहे. तेथील किल्ला, साधा वाडा आणि नदीपर्यंत उतरत गेलेले दगडी घाट पाहिले, की होळकर घराण्यातील एका थोर स्त्रीचे स्मरण होते. ती थोर स्त्री म्हणजे अहिल्याबाई.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या खेड्यात, माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. पराक्रमी सरदार मल्हारराव होळकर यांनी आपला पुत्र खंडेराव याच्यासाठी त्यांना सून करून घेतले. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. त्या काळच्या रूढीप्रमाणे अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. परंतु पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली आणि अहिल्याबाई मागे फिरल्या. पुढे मल्हारराव मोहिमेवर असताना वसूल, रसद व दारूगोळा यांची व्यवस्था त्याच पाहू लागल्या.

१७६६ साली मल्हारराव निवर्तले. गादीवर बसलेला एकुलता एक पुत्र मालेरावही १७६७ साली मरण पावला. दिवाण गंगाधरपंत चंद्रचूड यांनी दत्तक मुलाच्या नावाने कारभार चालविण्याचा बेत केला व राघोबादादांना आपल्या बाजूस वळविले. राघोबादादा फौजेसह माळव्यात आले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी सैन्य सज्ज केले आणि इतर मराठे सरदारांकडे मदत मागितली. स्त्रीवर विजय मिळवून कीर्ती लाभणार नाही, पराभव झाला तर मात्र जग हसेल, असा निरोप त्यांनी धाडल्याचे सांगतात. राघोबादादांनी युद्धाचा विचार सोडला. थोरल्या माधवराव पेशव्यांनीही अहिल्याबाईंचा कारभार मान्य केला. तुकोजी होळकरांकडे लष्कर सोपवून राज्याची धुरा त्यांनी स्वतः वाहिली.

त्या रोज दरबारात बसत आणि रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. महेश्वरात त्यांनी विणकरांना आश्रय दिला. तेथील लुगड्यांची कीर्ती आजही आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभारले. ठिकठिकाणी घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. या धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगी उत्पन्नातून करीत. राज्याचा खजिना प्रजेचा आहे, ही जाणीव त्यांनी कधी सोडली नाही.

उतारवयात त्यांच्यावर आणखी घाव पडले. नातू गेला. १७९१ साली जावईही वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आता विनवणी करण्याची पाळी अहिल्याबाईंची होती. सासऱ्यांच्या विनवणीने त्या स्वतः मागे फिरल्या होत्या. परंतु मुक्ताबाई फिरली नाही. जिच्या शब्दावर अवघे राज्य चालत होते, त्या मातेला आपल्या मुलीला वाचविता आले नाही. काही दिवस त्या शोकात बुडून गेल्या. मग डोळे पुसून पुन्हा रयतेच्या कामास लागल्या.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. अठ्ठावीस वर्षे त्यांच्या हाती सत्ता होती. दुःखाने त्यांचे घर रिकामे केले, तरी त्यांच्या दाराशी आलेला गरीब रयत रिकाम्या हाताने परतला नाही. दुसऱ्यांची दुःखे दूर करता करताच त्यांना आपले दुःख सोसण्याचे बळ मिळाले.