प्रयोगशाळेचे दार

इ. स. १९३३ मधील गोष्ट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे मुंबईहून एक अर्ज आला. अर्ज करणारी विद्यार्थिनी रसायनशास्त्र विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आली होती. तिचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. तरीही तिचा अर्ज नाकारण्यात आला. कारण एकच होते : ती मुलगी होती.

ही विद्यार्थिनी म्हणजे कमला भागवत. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या जगाला परिचित झाल्या. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. घरात विद्येची आवड होती आणि मुलींनी शिकावे याविषयी दुमत नव्हते.

विज्ञान संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने नकार दिल्यावर दुसरे कोणीही मुकाट्याने परतले असते. कमलाबाई मात्र बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आपल्याला प्रवेश का नाही, हे त्यांनी विचारले आणि प्रवेश मिळाल्यावाचून परत जाण्याचे नाकारले. अखेर रामन यांनी त्यांना घेतले. पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे राहील, काम समाधानकारक ठरले तरच ते मान्य होईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा अवेळीही काम करावे लागेल आणि मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येता कामा नये, अशा त्या अटी होत्या. या अटी कमलाबाईंच्या मनाला लागल्या. तरीही त्यांनी त्या स्वीकारल्या. प्रयोगशाळेचे दार एकदा उघडले, की पुढचे उत्तर कामानेच देता येईल, हे त्यांनी ओळखले होते.

श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते अतिशय कडक शिस्तीचे, परंतु विद्यार्थ्यावर मनापासून मेहनत घेणारे शिक्षक होते. त्यांनी कमलाबाईंकडून प्रयोग करून घेतले, नामवंत शास्त्रज्ञांचे लेखन वाचून घेतले आणि शंका आल्यास त्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहावयासही सांगितले.

रसायनशास्त्र केवळ पुस्तकातून येत नाही. त्यासाठी हाताला आणि डोळ्यांना वळण लावावे लागते. ब्युरेटमधील द्रवाची पातळी वाचताना डोळा त्या पातळीच्या समोरच असावा लागतो. थोडा वर किंवा खाली गेला, की आकडा चुकतो. तापलेले पात्र निवल्यावाचून तराजूत ठेवता येत नाही. कारण त्याच्याभोवतीची गरम हवा वर चढते आणि वजन खरे येत नाही. तीव्र गंधकाम्ल पातळ करावयाचे असेल, तर आम्ल पाण्यात हळूहळू घालावे लागते. पाणी आम्लात घातले, तर द्रव उसळून अंगावर उडतो. परीक्षानळीत आदल्या प्रयोगाचा अंश राहिला, तर नवा प्रयोग वाया जातो. जे दिसले तेच वहीत लिहावे, जे दिसावे असे वाटते ते लिहू नये, हा तर सर्वांत अवघड धडा होय. असे वळण अंगी मुरवूनच संशोधक तयार होतो.

कमलाबाईंनी संशोधनासाठी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा विषय घेतला. वाशिमसारख्या जिल्ह्यात तूर आणि हरभरा शेतोशेती पिकतो आणि घरोघरी वरण शिजते. गरिबाच्या ताटातील प्रथिने मुख्यतः या डाळींतूनच येतात. ती किती आहेत आणि कोणत्या प्रकारची आहेत, हे कळणे देशाच्या आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. डाळीचे पीठ द्रावणात कालवावयाचे, गाळावयाचे, साका वेगळा करावयाचा, त्यातील नत्र मोजावयाचे आणि तेच काम पुन्हा करून उत्तर जुळते की नाही हे पाहावयाचे, असे हे चिकाटीचे काम असते.

वर्ष संपले. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे मत पालटले. त्यांचा प्रवेश कायम झाला आणि त्यानंतर इतर मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळविली.

पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेत जागा उरली नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले एक मेज त्यांना दिवसभरासाठी दिले. रात्री त्याच मेजावर तो झोपत असे. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींचा अभ्यास करीत असताना कमलाबाईंना बटाट्यामध्ये सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले. सजीवांच्या पेशींत श्वसनाची क्रिया घडते, तिला हे द्रव्य साहाय्य करते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. त्यावर १९३९ साली त्यांना पीएच. डी. पदवी मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय आणि कुन्नूरची आहारसंशोधन शाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली त्यांचा विवाह माधवराव सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकविताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नीरा, ताडगूळ आणि कडधान्ये यांवर संशोधन केले. नीरेतील पोषक द्रव्ये आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारास उपयोगी पडतात, असे या कामातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या या संस्थेच्या संचालक झाल्या. एके काळी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर थांबविलेल्या मुलीच्या हाती आता एका विज्ञान संस्थेची सूत्रे आली होती.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हितासाठी काम करणाऱ्या संस्थेत त्यांनी मोठा वाटा उचलला आणि सुरक्षित वस्तूंविषयी सामान्य माणसास समजेल असे लेख लिहिले. १९९८ साली दिल्ली येथे त्यांच्या सत्कारासाठी समारंभ योजिला होता. त्या समारंभातच त्या अचानक कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज आपल्या राज्यातील महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या मुली ब्युरेटसमोर उभ्या राहून थेंब मोजताना दिसतात. त्यांना तेथे उभे राहण्याचे कारण कोणी विचारीत नाही. ही गोष्ट साधी वाटते. परंतु एका मुलीने वर्षभर परीक्षेच्या अटीवर काम करून जे दार उघडले, त्याच दारातून त्या आत आल्या आहेत.