विमानांचं गुपित छापणारा संपादक : कार्ल फॉन ओसिएत्स्की

लष्कराची बातमी छापली की देशद्रोह होतो का, हा वाद काही आजचा नाही. जर्मनीत या वादात एका संपादकाचं आयुष्य संपलं. कार्ल फॉन ओसिएत्स्की त्यांचं नाव. 'फॉन' बघून कुणाला सरदार घराणं वाटेल, पण घरची परिस्थिती बेताचीच होती. ३ ऑक्टोबर १८८९ रोजी हॅम्बुर्गमध्ये जन्म. वडील वकिलाच्या कचेरीत लघुलेखक. कार्ल दोन वर्षांचे असतानाच ते वारले. शाळा अर्धवट सुटली आणि कोर्टाच्या खात्यात कारकुनी पत्करावी लागली. लिहिण्याची हौस मात्र दांडगी. लष्करी न्यायावर टीका केली म्हणून १९१४ मध्येच त्यांना दंड झाला होता.

पहिल्या महायुद्धात त्यांना पश्चिम आघाडीवर पाठवलं. तिथून ते युद्धाचे कट्टर विरोधक होऊनच परतले. बर्लिनमध्ये आधी शांतता संघटनेचं काम केलं, मग वर्तमानपत्रांत आले. १९२७ मध्ये 'डी वेल्टब्यूने' या साप्ताहिकाची सूत्रं त्यांच्या हाती आली. अंक लहानसा, खपही पंधरा हजारांच्या आसपास. पण मंत्री आणि सेनाधिकारी तो वाचत असत, आणि वाचून चिडतही असत.

खरी ठिणगी पडली १२ मार्च १९२९ च्या अंकात. व्हर्सायच्या तहानुसार जर्मनीला एक लाखापेक्षा जास्त सैन्य ठेवायला मनाई होती आणि हवाई दल तर अजिबात ठेवता येत नव्हतं. तरी सरकार नागरी विमान वाहतुकीच्या आडून लष्करी विमानांची तयारी करत होतं. वाल्टर क्रायझर या विमानतज्ज्ञाने टोपणनावाने लेख लिहून बर्लिनजवळच्या विमानतळावरच्या अशा एका विभागाकडे बोट दाखवलं. ओसिएत्स्कींनी लेख छापला. लेख दुसऱ्याचा असला तरी संपादक म्हणून जबाबदारी त्यांची, आणि ती त्यांनी कधी झटकली नाही.

सरकारची मोठी पंचाईत झाली. बातमी खोटी म्हणावं तर गुपित फोडल्याचा गुन्हा लागत नाही, खरी म्हणावं तर तह मोडल्याची कबुली होते. त्यामुळे खटला रेंगाळत राहिला. शेवटी लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात तो बंद दाराआड चालला. बरीचशी माहिती संसदेच्या अंदाजपत्रक समितीत आधीच आली होती, हा बचाव टिकला नाही. सरकारच कायदा मोडत असलं तरी नागरिकाने ते बाहेर सांगू नये, असा न्यायालयाचा एकूण पवित्रा होता. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी दोघांनाही १८ महिन्यांची शिक्षा झाली.

क्रायझर फ्रान्सला निघून गेले. ओसिएत्स्कींनाही जाता आलं असतं. मित्रांनी विनवण्या केल्या, पण गडी हलला नाही. परक्या देशात बसून मायदेशाशी बोलणाऱ्याचा आवाज पोकळ होतो, असं त्यांचं मत होतं. १० मे १९३२ रोजी ते बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हजर झाले, तेव्हा लेखक मंडळी त्यांना दारापर्यंत सोडायला आली होती. नाताळच्या माफीत त्यांची सुटका झाली. बाहेर मिळाले जेमतेम दोन महिने.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री संसद भवन पेटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात. या वेळी ना आरोपपत्र, ना खटला. आधी झोनेनबुर्ग आणि मग एस्टरवेगेनच्या छळछावणीत मारहाण आणि दलदलीत उपसण्याचं काम. १९३५ मध्ये रेड क्रॉसचे कार्ल बुर्कहार्ट यांनी पाहिलं तेव्हा समोर एक थरथरणारा, दात तुटलेला माणूस उभा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीने आपलं हवाई दल जगासमोर जाहीर करून टाकलं होतं! जे कुजबुजीत छापल्याबद्दल संपादकाला शिक्षा झाली, त्याची आता सरकारच दवंडी पिटत होतं.

बाहेर परागंदा मित्रांनी नोबेलसाठी मोहीम उघडली. आइनस्टाइन, थॉमस मान, रोमां रोलां यांनी पाठिंबा दिला. नॉर्वेत तरुण विली ब्रांट, म्हणजे पुढचे जर्मन चॅन्सेलर, धडपडत होते. हिटलरला दुखवायचं की नाही यावर ओस्लोतही घालमेल झाली आणि समितीतले दोघे बाजूला झाले. अखेर १९३५ चं राखून ठेवलेलं शांतता पारितोषिक नोव्हेंबर १९३६ मध्ये जाहीर झालं. तोवर क्षयाने पोखरलेले ओसिएत्स्की बर्लिनच्या इस्पितळात होते. पारितोषिक नाकारा, असा दबाव खुद्द गोरिंगने आणला. त्यांनी ते स्वीकारलं. ओस्लोला जायला मात्र पासपोर्ट मिळाला नाही. चिडलेल्या हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायलाच बंदी घातली. पारितोषिकाच्या पैशाचं तर विचारूच नका, तो सांभाळणाऱ्या वकिलानेच बराचसा गिळला.

४ मे १९३८ रोजी ओसिएत्स्की गेले. वय ४८. शेवटपर्यंत पोलिसांची पाळत होती.

पुढे त्यांच्या मुलीने १९३१ चा निकाल फिरवण्यासाठी खटला पुन्हा उघडण्याची मागणी केली. डिसेंबर १९९२ मध्ये जर्मनीच्या न्यायालयाने ती फेटाळली. हेरगिरीची ती शिक्षा रद्द झाली नाही.