मद्यपाशांतून सुटलेला वक्ता : जॉन बी. गफ

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना ते जन्मापासूनच थोर असले पाहिजेत असें पुष्कळांस वाटतें. जॉन बार्थोलोम्यू गफ याच्याविषयीं मात्र तसें कोणी म्हणणार नाहीं. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो अमेरिकेंतील वूस्टर शहरांत दारूच्या नशेंत भटकणारा निराधार मनुष्य होता. आणि पुढें चाळीसांहून अधिक वर्षें त्याचें व्याख्यान ऐकण्यास अमेरिकेंत व इंग्लंडांत लोकांची दाटी होत असे.

गफचा जन्म 22 ऑगस्ट 1817 रोजीं इंग्लंडच्या केंट परगण्यांतील सँडगेट गांवीं झाला. वडील निवृत्त शिपाई, व आई गांवांतील शाळेंत शिकवीत असे. घरची गरिबी असल्यामुळें वयाच्या बाराव्या वर्षीं त्यास एका कुटुंबाबरोबर अमेरिकेस पाठविण्यांत आलें. तेथें दोन वर्षें शेतावर राबून तो न्यूयॉर्कला गेला व पुस्तकबांधणीचा धंदा शिकला. 1833 सालीं आई व बहीण त्याच्याकडे आल्या. परंतु लवकरच काम सुटलें, हालअपेष्टा सुरू झाल्या, आणि 1834 मध्यें आई वारली. तेव्हां तो सुमारें सतरा वर्षांचा होता.

त्याला गोड गळा होता, नकला करण्याची हातोटी होती. सोबत्यांच्या मेळ्यांत या गुणांचें कौतुक होई, आणि तेथेंच पेल्याची संगत जडली. कांहीं काळ त्यानें रंगभूमीवरही काम केलें. दारूपायीं एकामागून एक नोकरी गेली. लग्न झालें, तरी सुधारणा होईना. अखेर वूस्टर येथें त्याची पत्नी व तान्हें मूल हीं दोघेंही मरण पावलीं, आणि तो अगदीं एकटा पडला.

1842 च्या ऑक्टोबर महिन्यांतील एका रविवारीं संध्याकाळीं तो रस्त्यानें जात असतां कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेविला व नांवानें हांक मारली. हा गृहस्थ म्हणजे जोएल स्ट्रॅटन. मद्य न विकणाऱ्या एका हॉटेलांत तो वाढप्याचें काम करीत असे. त्यानें उपदेशाचें लांबलचक पुराण लाविलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मद्यपाननिषेधाची सभा आहे, तिला येऊन प्रतिज्ञापत्रावर सही करावी, एवढेंच प्रेमानें सुचविलें.

अशा सभांना त्या वेळीं नवेंच तेज चढलें होतें. 1840 च्या एप्रिलमध्यें बाल्टिमोर शहरांतील सहा दारूबाजांनीं दारू सोडण्याचा निश्चय करून वॉशिंग्टोनियन नांवाची मंडळी स्थापिली होती. दर आठवड्यास जमावें, स्वतःची हकीकत स्वतः सांगावी, आणि आपल्यासारख्या आणखी एकास घेऊन यावें, असा तिचा परिपाठ होता. विद्वानांच्या प्रवचनांनीं जें साधलें नव्हतें, तें या साध्या रीतीनें अनेक ठिकाणीं साधलें. कारण बोलणारा व ऐकणारा हे एकाच दुःखांतून गेलेले असत.

गफ सभेस गेला. अंगावरील चिंध्या झांकण्यासाठीं त्यानें जुना कोट गळ्यापर्यंत लाविला होता. तेथें उभा राहून त्यानें आपली कहाणी सांगितली व थरथरत्या हातानें सही केली. पुढील कांहीं दिवस भयंकर गेले; शरीर कांपे, नसते भास होत. (जुनी दारू एकाएकीं सोडल्यास प्राणासही धोका संभवतो, म्हणून अशा वेळीं वैद्यकीय मदत घ्यावी, असें आजचें वैद्यशास्त्र सांगतें.)

येथें चरित्र संपतें तर तें फार सोपें झालें असतें. परंतु कांहीं महिन्यांतच, 1843 मध्यें, गफ पुन्हां प्याला. आतां सभेंत तोंड कसें दाखवावें? तोपर्यंत तो स्वतः मद्यपानाविरुद्ध व्याख्यानें देऊं लागला होता! तरीही तो परत गेला, आपलें पतन त्याच लोकांसमोर कबूल केलें, आणि दुसऱ्यांदा सही केली. लोकांनीं त्यास झिडकारलें नाहीं. 1845 मध्यें न्यूयॉर्क येथें पुनः तोल गेला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं मोठा गहजब केला. त्याही वेळीं तो लपून राहिला नाहीं. त्यानंतर मात्र शेवटपर्यंत त्यानें मद्यास स्पर्श केला नाहीं. तो सभेस प्रथम गेला त्यापेक्षां पडल्यावर परत गेला, हेंच त्याचें अधिक मोठें धैर्य होय.

पुढें 1853 मध्यें आणि त्यानंतरही तो व्याख्यानांसाठीं इंग्लंडांत गेला. ज्या नाट्यगुणांनीं त्याला गुत्त्याकडे नेलें होतें, त्याच गुणांनीं तो श्रोत्यांस क्षणांत हंसवी व क्षणांत रडवी. 1886 च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फियांतील फ्रँकफर्ड येथें व्याख्यान देत असतांनाच तो कोसळला, व 18 तारखेस मरण पावला.

वॉशिंग्टोनियन मंडळी थोड्याच वर्षांत विस्कळीत झाली. परंतु 1935 मध्यें अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनीं 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उभारली, तिच्या सभांतही एक दारुडा दुसऱ्यास आपला अनुभव सांगतो. तेथें फी नाहीं व पूर्ण नांव विचारीत नाहींत. महाराष्ट्रांतही अशा सभा भरतात.

विद्यार्थी मित्रहो, गफसारखें वक्तृत्व थोड्यांनाच लाभतें. परंतु स्ट्रॅटननें जें केलें, त्यास ना विद्या लागली, ना पैसा. ज्याच्याकडे पाहून शहर तोंड फिरवीत होतें, त्याला त्यानें नांवानें हांक मारली व सभेची वाट दाखविली. आपल्या शेजारांत, कदाचित् आपल्या घरांतही, असा कोणी असेल, तर त्याची चेष्टा करण्यापूर्वीं त्या वाढप्याची आठवण ठेवा.