पत्त्यांचा राजा फसला तेव्हा

गौरी-गणपतीच्या दिवसांत पेणला किंवा रोह्याला नातलगांकडे गेलात, की आरती आणि जेवणे आटोपल्यावर ओटीवर जागरणाचा डाव मांडला जातोच. चटईवर पत्ते पिसले जातात आणि दोन डावांच्या मधे एखादा मामा मुलांना मनात पान धरायला सांगतो. पान अचूक निघाले की मुले थक्क होतात. मोठी माणसे मात्र सारे ठाऊक असल्यासारखी हसतात. अशाच एका सर्वज्ञ माणसाची, साक्षात हॅरी हुडिनीची, ही गोष्ट.

हुडिनी म्हटले की आपल्याला बेड्या, साखळदंड आणि पाण्याने भरलेली पेटी आठवते. १८७४ साली बुडापेस्टला जन्मलेल्या या मुलाचे खरे नाव एरिक वाइस. वडील ज्यू धर्मगुरू. एरिक चार वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत गेले, पण दारिद्र्य सुटले नाही. पोर कामाला लागले आणि जादूच्या नादालाही. रॉबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराच्या नावावरून त्याने आपले रंगभूमीवरचे नाव घेतले. त्या उमेदवारीच्या काळात तो स्वतःला पत्त्यांचा राजा म्हणवीत असे. १८९९ मध्ये मार्टिन बेक या नाट्यव्यावसायिकाने त्याला किरकोळ जादू सोडून बंधमुक्तीचेच खेळ करण्याचा सल्ला दिला आणि त्याचे नशीब पालटले. कीर्ती बेड्यांनी दिली. अभिमान मात्र पत्त्यांचा राहिला. कोणतीही जादू आपल्यापुढे तीनदा करून दाखवा, तिचे मर्म सांगतो, अशी त्याची पैजच होती.

फेब्रुवारी १९२२ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात डाय व्हर्नन या सत्तावीस वर्षांच्या कॅनेडियन तरुणाने ही पैज घेतली. त्याने हुडिनीला एका पानावर आद्याक्षरे लिहायला लावली. ते पान गड्डीच्या मधोमध घातले आणि लगेच सर्वांत वरचे पान उलटून दाखवले. तेच सहीचे पान! एकदा नव्हे, तीनदा नव्हे, त्याहूनही अधिक वेळा. हुडिनीने नाना तर्क केले, पण दुसरे जोडपान म्हणावे तर सही त्याची स्वतःची. अखेर पत्नी बेसनेच त्याला हार मानायला सुचवले, असे सांगतात.

या खेळामागची हातचलाखी आज जादूची पहिली पायरी मानली जाते. तिला डबल लिफ्ट म्हणतात. वरचे एक पान उचलल्याचे भासवून प्रत्यक्षात दोन पाने, कडेला कड जुळवून, एकच असल्यासारखी उलटायची. प्रेक्षकांना दिसते ते दुसरे पान. दोन्ही पुन्हा पालथी घालून वरचे भलतेच पान मधे सरकवायचे. सहीचे पान वरच राहते. सांगायला इतके सोपे, पण हात सहज चालावा यासाठी वर्षानुवर्षे सराव लागतो.

त्याच वर्षी जूनमध्ये हुडिनीपुढे दुसरी परीक्षा आली. १९१३ मध्ये वारलेल्या आईवर त्याचा अलोट जीव होता. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने त्या आईचा परलोकातला निरोप म्हणून पानेच्या पाने लिहून दिली. मजकूर इंग्रजीत होता आणि माथ्यावर क्रूसाचे चिन्ह होते. हुडिनीची आई धर्मगुरूची ज्यू पत्नी, आणि तिला इंग्रजी बोलता येत नसे. विश्वास ठेवायला मन किती आसुसले असेल! पण त्याने ठेवला नाही. डॉयल यांची मैत्री तुटली. पुढची वर्षे त्याने शोकाकुल माणसांना लुबाडणाऱ्या भोंदू माध्यमांचे प्रयोग उघडे पाडण्यात घालवली. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी अपेंडिक्स फुटून, विष पोटात पसरून, डेट्रॉइटला तो वारला.

आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव रिकाम्या हातातून अंगारा काढतात आणि लगेच त्यामागची युक्ती सांगतात, ते याच वाटेने. व्हर्ननने हुडिनीला फसवले खरे, पण खेळ म्हणून, सांगून-सवरून. दुःखात बुडालेल्याला फसवणारा मात्र तो खेळ आहे हे कधीच सांगत नाही. पुढच्या गणपतीत ओटीवर मामाने पान ओळखले, तर मुलांबरोबर आपणही मोकळेपणी थक्क व्हावे. आणि घरी जाताना हा फरक तेवढा मुलांच्या कानावर घालावा.