पहिल्याच मॅचमध्ये सात वेळा पडलेला पोरगा हेवीवेट बॉक्सिंगचा बादशाह कसा झाला?

साल १९३२. अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर.

१७ वर्षांचा एक पोरगा आयुष्यातली पहिली अमॅच्युअर मॅच खेळायला रिंगमध्ये उतरला. समोर होता जॉनी मायलर. हा काही साधासुधा गडी नव्हता. त्याच वर्षी तो लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळला.

मग काय, व्हायचं तेच झालं. अवघ्या काही मिनिटांत हा नवखा पोरगा सात वेळा खाली पडला. प्रत्येक वेळी उठला, पण मॅच हरला. बदल्यात मिळालं ७ डॉलरच्या सामानाचं एक कुपन. ते त्याने घरी नेऊन सावत्र वडिलांच्या हातात ठेवलं. वडिलांनी सांगितलं, हे खूळ सोड आणि कामधंदा बघ.

पोरानेही ऐकलं. काही महिने ग्लोव्हजना हात लावला नाही.

या पोराचं नाव जो लुईस. पुढे हाच गडी जवळपास १२ वर्षं हेवीवेटचा वर्ल्ड चॅम्पियन राहिला आणि त्याने लागोपाठ २५ वेळा आपलं टायटल राखलं. हेवीवेटमध्ये हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

पण सात वेळा पडणारा पोरगा तिथपर्यंत पोहोचला कसा? जन्मजात ताकद हे एक कारण झालंच. दुसरं कारण म्हणजे, चुका दाखवणारी माणसं त्याला भेटली आणि त्याने त्यांचं ऐकलं.

व्हायोलिनचे पैसे बॉक्सिंगला

लुईसचा जन्म १३ मे १९१४ चा, अलाबामा राज्यातला. घरचे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवायचे. दक्षिणेतला वर्णद्वेष आणि गरिबी या दोन्हींना कंटाळून कुटुंब १९२६ साली उत्तरेला, डेट्रॉइटला आलं. तिथे मोटारींचे कारखाने होते, म्हणजे पोटापाण्याची सोय होती.

पोराने काहीतरी शिकावं म्हणून आई लिलीने त्याला व्हायोलिनच्या क्लासला घातलं. एका तासाचे ५० सेंट. महामंदीच्या काळात ही रक्कम छोटी नव्हती. पण थर्स्टन मॅकिनी नावाचा एक मित्र त्याला ब्रूस्टर सेंटरच्या बॉक्सिंग जिममध्ये घेऊन गेला आणि व्हायोलिनचे पैसे जिमच्या लॉकरवर खर्च व्हायला लागले.

त्याचं पूर्ण नाव जोसेफ लुईस बॅरो. मग बॅरो गेलं कुठे? आईला कळू नये म्हणून त्याने आडनाव लावलंच नाही, असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, फॉर्मवर एवढं मोठं नाव मावलं नाही. कारण काहीही असो, जग त्याला जो लुईस म्हणूनच ओळखायला लागलं.

स्पॅरिंगमध्ये नवख्याचं काय होतं?

स्पॅरिंग म्हणजे सरावाची लढत. तालमीत पोरं एकमेकांशी जोर करतात तसंच. यात जिंकायचं नसतं, शिकायचं असतं. समोरचा कसा हलतो, ठोसा कुठून येतो आणि तो लागल्यावर आपण काय करतो, हे बघायचं असतं.

नवा माणूस बॅगवर कितीही जोरात मारत असला, तरी रिंगमध्ये आल्यावर त्याचं सगळं विसरायला होतं, कारण बॅग उलटा ठोसा मारत नाही. ठोसा येताना डोळे मिटतात. श्वास रोखला जातो, त्यामुळे दोन मिनिटांतच दम लागतो. हनुवटी वर जाते, हात खाली येतात. आणि एक ठोसा लागला की राग येऊन माणूस सगळी ताकद लावून एकच मोठा फटका मारायला बघतो.

लुईसची पहिली स्पॅरिंग झाली मित्र मॅकिनीसोबतच. मॅकिनी तयार बॉक्सर होता, त्यामुळे सुरुवातीला लुईसने मारच खाल्ला. पण मध्येच त्याचा एक उजवा ठोसा असा बसला की मॅकिनीचे पाय लटपटले. त्या क्षणी बॉक्सिंगचं वेड लागलं ते लागलंच.

हाताला दम आहे हे त्या दिवशी कळलं होतं, पण मायलरसमोर तेवढ्याने भागलं नाही. मुळात नवख्या पोराला पहिल्याच मॅचमध्ये ऑलिम्पिकच्या तयारीतल्या बॉक्सरसमोर उभं करणं हीच चूक होती. आज अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये कुणी असं वारंवार पडायला लागलं तर रेफ्री मॅच थांबवतो. डोक्याला लागलेला मार ही गंमत नाही, हे आता सगळ्यांना कळलंय.

कारखान्यातून परत जिममध्ये

मायलरकडून हरल्यावर लुईस मोटारींच्या कारखान्यात लागला. ट्रकचे सांगाडे ढकलायचं काम. दिवसभर राबून पाठ मोडायची. एवढंच अंग दुखणार असेल तर मग बॉक्सिंग काय वाईट, असा हिशोब त्याने मांडला. आईनेही अडवलं नाही.

ब्रूस्टरमध्ये त्याला पायाभूत धडे दिले हॉलमन विल्यम्सने. विल्यम्स वयाने लुईसपेक्षा थोडा लहानच, पण तंत्रात एकदम पक्का. तो स्वतःही पुढे मोठा बॉक्सर झाला, पण काळा असल्यामुळे वर्ल्ड टायटलची संधी त्याला कधीच मिळाली नाही.

यानंतर लुईस सुसाट सुटला. ५४ अमॅच्युअर मॅचेसपैकी ५० जिंकल्या, त्यातल्या ४३ नॉकआउटने. १९३४ मध्ये तो लाइट हेवीवेटचा राष्ट्रीय अमॅच्युअर चॅम्पियन झाला.

वस्ताद ब्लॅकबर्न

१९३४ सालीच डेट्रॉइटचा जॉन रॉक्सबरो आणि शिकागोचा ज्युलियन ब्लॅक या दोन काळ्या मॅनेजरनी लुईसला शिकागोला आणलं आणि जॅक ब्लॅकबर्नच्या हवाली केलं.

ब्लॅकबर्न हे प्रकरण भारी होतं. तो स्वतः लाइटवेट बॉक्सर, १०० हून जास्त मॅचेस खेळलेला. एका माणसाच्या मृत्यूप्रकरणी तुरुंगात जाऊन आलेला. स्वभाव कडक. आणि सुरुवातीला तो लुईसला शिकवायला तयारच नव्हता.

का? तर जॅक जॉन्सन. जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन. १९१५ साली त्याचं टायटल गेलं आणि त्यानंतर तब्बल २२ वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट टायटलसाठी लढू दिलं गेलं नाही. मग काळ्या पोरावर मेहनत घेऊन मिळणार काय, असा ब्लॅकबर्नचा रोकडा सवाल होता.

पण तो तयार झाला आणि त्याने लुईसच्या चुका मोजायला सुरुवात केली.

पहिली चूक पायात होती. लुईस ठोसा मारायचा आणि त्या जोरात स्वतःचाच तोल घालवायचा. त्यामुळे दुसरा ठोसा मारायला वेळ लागायचा. ब्लॅकबर्नने त्याला पाय जमिनीवर घट्ट ठेवून, छोट्या सरकत्या पावलांनी पुढे जायला शिकवलं. बॉक्सिंगमध्ये ताकद नुसत्या दंडातून येत नाही. ती पायातून निघते, कंबर वळते आणि मग मुठीपर्यंत पोहोचते. पायच हलले तर ठोशात जोर राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे लांबून फिरवून मारणं. असा ठोसा समोरच्याला आधीच दिसतो. लुईसचे ठोसे आखूड आणि सरळ झाले. एकामागे एक दोन-तीन ठोसे सुटायला लागले.

या सगळ्यामागे एक कडू कारणही होतं. मॅच शेवटच्या राउंडपर्यंत गेली तर निकाल पंचांच्या हातात जायचा, आणि काळ्या बॉक्सरला त्यांच्याकडून न्याय मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणून निकाल पंचांपर्यंत जाऊच द्यायचा नाही, हे ब्लॅकबर्नने त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं.

४ जुलै १९३४ ला लुईस पहिली प्रोफेशनल मॅच खेळला आणि पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउटने जिंकला. पुढची जवळपास दोन वर्षं त्याला कुणीच हरवू शकलं नाही.

जर्मनीच्या बॉक्सरने एक चूक पकडली

डिसेंबर १९३५. न्यूयॉर्कमध्ये लुईसने स्पेनच्या पाउलिनो उझकुदूनला चौथ्या राउंडमध्ये उडवलं. प्रेक्षकांत जर्मनीचा माजी वर्ल्ड चॅम्पियन मॅक्स श्मेलिंग बसला होता. त्याने मॅच बघितली, लुईसच्या मॅचेसच्या फिल्म्सही पुन्हा पुन्हा बघितल्या.

त्याला दिसलं ते असं. लुईस डाव्या हाताने जॅब, म्हणजे सरळ ठोसा मारायचा. नियम असा की जॅब मारलेला हात त्याच वाटेने परत हनुवटीपाशी यायला हवा. लुईसचा हात परत येताना खाली यायचा. क्षणभर जबड्याची डावी बाजू उघडी पडायची.

श्मेलिंगला तेवढाच क्षण पुरेसा होता.

इकडे लुईस निवांत. त्याला नुकताच गोल्फचा नाद लागला होता आणि सरावाकडे दुर्लक्ष होत होतं. १९ जून १९३६ ला यँकी स्टेडियममध्ये श्मेलिंगने चौथ्या राउंडमध्ये त्याला खाली पाडलं आणि बाराव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. हत्यार एकच, त्या उघड्या जबड्यावर पुन्हा पुन्हा बसलेला उजवा ठोसा.

अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांमध्ये त्या रात्री शोककळा पसरली. हिटलरच्या जर्मनीने मात्र हा गोऱ्या वंशाचा विजय म्हणून मिरवला.

१२४ सेकंदांचं उत्तर

लुईस पुन्हा ब्लॅकबर्नसमोर उभा राहिला. डावा हात वर ठेवायचा, जॅब मारून लगेच परत आणायचा. नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात तोच धडा, आता नामांकित बॉक्सरला.

२२ जून १९३७ ला शिकागोमध्ये जेम्स ब्रॅडॉकला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट करून लुईस वर्ल्ड चॅम्पियन झाला. पण श्मेलिंगला हरवल्याशिवाय स्वतःला चॅम्पियन मानायला त्याचं मन तयार नव्हतं.

बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ ला, त्याच यँकी स्टेडियममध्ये दोघं समोरासमोर आले. स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार लोक, रेडिओवर कोट्यवधी. लुईस पहिल्या घंटेपासून तुटून पडला. ठोसे आखूड, पाय पक्के, श्मेलिंगच्या उजव्या हाताला जागाच नाही. श्मेलिंग तीनदा खाली पडला, त्याच्या मणक्याला इजा झाली आणि १२४ सेकंदांत खेळ खल्लास.

यात एक गोष्ट सांगायला हवी. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता. त्याचा अमेरिकेतला मॅनेजर ज्यू होता आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना लपवून वाचवलं. महायुद्धानंतर हे दोन प्रतिस्पर्धी चांगले दोस्त झाले.

शेवट मात्र गोड नव्हता

१९४२ मध्ये ब्लॅकबर्न गेला. लुईस १९४९ साली चॅम्पियन असतानाच निवृत्त झाला, पण डोक्यावर कराचं प्रचंड देणं होतं. युद्धकाळात त्याने दोन मॅचेसची कमाई नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली होती, तरीही कर खात्याने पिच्छा सोडला नाही. पैशासाठी तो परत रिंगमध्ये आला आणि १९५१ मध्ये तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या राउंडमध्ये हरवलं. उतारवयात मानसिक आजाराने गाठलं. १२ एप्रिल १९८१ ला लास वेगासमध्ये त्याचं निधन झालं.

आज डेट्रॉइटच्या मध्यवर्ती भागात त्याच्या सन्मानार्थ २४ फूट लांबीचा ब्राँझचा हात आहे, मूठ आवळलेला.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी नुकतंच बॉक्सिंगला जायला लागलं असेल आणि पहिल्या स्पॅरिंगनंतर नाक लाल करून घरी आलं असेल, तर त्याला ही गोष्ट नक्की सांगा. सोबत हेही सांगा की आपल्या जोडीचाच पार्टनर घे, हेडगार्ड लाव, डोक्याला जोरात लागलं तर थांब आणि जॅब मारून झाल्यावर हात हनुवटीपाशी परत आण.

जो लुईसलाही हे दुसऱ्यांदा शिकावं लागलं होतं.