ताऱ्यांच्या भट्टीत डोकावणारे फ्रेड हॉईल

आपल्या पार्से गावाहून डिचोलीकडे गेले की खाणींचे तांबडे ढिगारे दिसू लागतात. त्या खनिजातले लोखंड पृथ्वीवर तयार झालेले नाही. पृथ्वी जन्मण्यापूर्वीच्या ताऱ्यांत ते घडले. हे कोडे सोडवणाऱ्यांत अग्रणी होते इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या डॉ. जयंत नारळीकरांचे ते गुरू, म्हणजे नात्याने आपलेच, असे आम्ही मानतो.

हॉईल यांचा जन्म २४ जून १९१५ रोजी यॉर्कशायरमधील गिलस्टेड या खेड्यात झाला. वडील लोकरीचे व्यापारी होते. अमुक फुलाला पाचच पाकळ्या असतात असे शाळेत शिकवले, तेव्हा छोट्या फ्रेडने सहा पाकळ्यांचे फूल आणून दाखवले. शाबासकीऐवजी कानफटीत बसली! त्याने शाळेत जायचेच नाकारले. (आमच्या मुलांनी फूल जरूर आणावे, शाळा मात्र बुडवू नये.) पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजला पोहोचला.

जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या तप्त गाभ्यात बनतात, असा विचार हॉईल यांनी १९४६ मध्ये मांडला. अडचण होती कार्बनची. हेलियमची तीन अणुकेंद्रे एकत्र आली की कार्बन होतो, पण गणिताने तो फारच थोडा निघे. हॉईल यांनी उलटा विचार केला. जगात कार्बन भरपूर आहे, तर त्याच्या अणुकेंद्रात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. १९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हे सांगितले. प्रथम कोणाला पटेना. प्रयोग केला, तर पातळी जवळजवळ सांगितल्या जागी सापडली!

१९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल यांचा शंभरावर पानांचा निबंध आला. लोखंडापर्यंत अणुकेंद्रे जोडताना ताऱ्याला ऊर्जा मिळते, त्यापुढे मिळत नाही. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अणुकेंद्रांनी न्यूट्रॉन गिळून बनतात. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर दिसली, तेव्हा अशी मूलद्रव्ये तिथेही घडतात याचा पुरावा मिळाला. आईच्या मंगळसूत्रातले सोने इतके जुने आहे!

त्याच १९५७ साली कोल्हापूरचे जयंत नारळीकर केंब्रिजला गेले. पुढे ते हॉईल यांचे शिष्य झाले आणि १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. महास्फोटाला 'बिग बँग' हे नाव हॉईल यांनीच दिले, पण ती कल्पना त्यांनी कधी मानली नाही. तिथे बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने नव्हते.

१९८३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल चंद्रशेखर आणि फाउलर यांना मिळाले. हॉईल यांना वगळले गेले, हा आम्हांला अन्यायच वाटतो. १९९७ मध्ये त्यांना स्वीडनचे क्राफोर्ड पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.