किनारे सरकतात म्हणणारा वेगेनर

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे कधी गेला असाल, तर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या तुम्हाला लांबूनच दिसल्या असतील. रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा येतो, शेजारून गोदावरी वाहते. आपल्याला त्याचं काही नवल नाही. पण विदर्भातल्या खाणींमधला हा दगडी कोळसा ज्या झाडांपासून झाला, त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाची जिभेसारख्या पानांची एक वनस्पती होती. पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची. तिच्या पानांचे ठसे अंटार्क्टिकातही मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले, तेव्हा त्यांच्यापाशी सोळा किलो दगड सापडले. त्यातही हेच पान होतं.

आता सांगा, बर्फाच्या खंडावर जंगल कुठून आलं?

याचं उत्तर ज्यानं दिलं तो आल्फ्रेड वेगेनर तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकात भेटलाय. खंडवहन सिद्धांत, वेगेनर, १९१२. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. मीही तेवढंच लिहिलं होतं. हा माणूस स्वतः ग्रीनलँडच्या बर्फात मेला, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वेगेनर १ नोव्हेंबर १८८० ला बर्लिनमध्ये जन्मला. डॉक्टरेट केली खगोलशास्त्रात, आणि मग गडी वळला हवामानशास्त्राकडे. १९०६ मध्ये भाऊ कुर्टसोबत त्यानं बलूनमध्ये सलग बावन्न तासांहून जास्त वेळ राहून विक्रम केला. त्याच वर्षी तो एका डॅनिश मोहिमेबरोबर ग्रीनलँडला गेला. काम काय, तर बेटाच्या ईशान्य किनाऱ्याचा जो भाग नकाशावर कोराच होता, तो भरायचा. या कामात मोहिमेचा प्रमुख आणि त्याचे दोन सोबती उपासमारीनं आणि थंडीनं गेले. तेव्हा किनाऱ्याची एक रेघ काढायची म्हणजे अशी किंमत होती.

परत आल्यावर एका मित्राचा नवा अ‍ॅटलास चाळताना त्याला दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतायत असं दिसलं. हे त्याच्याआधीही काही जणांना दिसलं होतं. वेगेनर मात्र तिथं थांबला नाही. दोन्हीकडचे खडक, जीवाश्म, कोळसा, जुन्या हिमनद्यांच्या खुणा असं सगळं तो गोळा करत बसला आणि जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफर्टच्या व्याख्यानात त्यानं सांगून टाकलं की खंड सरकतात. म्हणजे भारत आणि अंटार्क्टिका कधीकाळी शेजारी होते. तेव्हा ते पान दोन्हीकडे सापडणारच!

त्याच वर्षी तो पुन्हा ग्रीनलँडला. या वेळी चौघांनी बर्फावरच हिवाळा काढला आणि मग बेट आडवं पार केलं. शेवटी खायला काही उरलं नाही, सोबतचं कुत्रंही मारावं लागलं. परतल्यावर लग्न. सासरे व्लादिमीर कोपेन, म्हणजे स्पर्धा परीक्षावाल्यांना छळणाऱ्या हवामान वर्गीकरणाचे तेच कोपेन. पुढं पहिल्या महायुद्धात वेगेनर दोनदा जखमी झाला आणि १९१५ मध्ये त्याचं खंड-महासागरांवरचं पुस्तक आलं.

भूशास्त्रज्ञांनी त्याला धुऊन काढलं. हवामानवाला आमच्यात कशाला लुडबुडतोय, असा सूर होता. पण त्यांचा एक आक्षेप खरा होता. एवढे मोठे खंड ढकलतं कोण? त्याच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. शिवाय त्याचा सगळ्यात लाडका पुरावाच चुकीचा निघाला. १८२३, १८७० आणि १९०७ मध्ये ग्रीनलँडच्या किनाऱ्याचे रेखांश मोजले गेले होते. ते ताडून त्यानं हिशोब मांडला की बेट वर्षाला कित्येक मीटर पश्चिमेला सरकतंय. फरक मोजमापाच्या चुकांचा होता. खरा वेग वर्षाला काही सेंटिमीटरच असतो. मला तर हीच गोष्ट जास्त जवळची वाटते. प्रश्न बरोबर होता, आकडा साफ चुकला होता, आणि तरी पठ्ठ्या मोजायचं सोडत नव्हता.

१९३० मध्ये तो स्वतः मोहीम घेऊन निघाला. किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, ग्रीनलँडच्या मधोमध एक ठाणं ठेवायचं, वर्षभर हवामान नोंदवायचं आणि स्फोटांचे प्रतिध्वनी टिपून बर्फ किती जाड आहे ते मोजायचं. पण किनाऱ्याजवळच्या समुद्रात बर्फ अडकला आणि सामान उतरवायला महिनाभराहून जास्त उशीर झाला. पंख्यावर चालणाऱ्या नव्या घसरगाड्या ऐनवेळी चालेनात. आतल्या ठाण्यात दोघं होते, त्यांना हिवाळ्याचं सामान पोचवायला वेगेनर सप्टेंबरमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवर निघाला. थंडीत एकेक करून बहुतेक सोबती माघारी गेले. चाळीस दिवसांनी तिघंच पोचले. वेगेनर, त्याचा सहकारी लोवे आणि रासमुस विलुमसेन नावाचा ग्रीनलँडचा तरुण. लोवेच्या पायाची बोटं गोठली होती, ती खिशातल्या चाकूनं कापावी लागली.

पाच जणांना हिवाळाभर पुरेल एवढं अन्न ठाण्यात नव्हतं. म्हणून १ नोव्हेंबरला, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रासमुसला घेऊन परत फिरला. दोघंही किनाऱ्याला पोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनरचा देह मिळाला. रासमुसनं तो नीट शिवून बर्फात पुरला होता आणि खूण म्हणून स्की उभ्या रोवल्या होत्या. पुढं रासमुसचं काय झालं, ते कळलंच नाही. वय तेवीस. आपल्याहून एखाद-दुसरं वर्ष मोठा असेल. पुस्तकात त्याला अर्धी ओळही नाही.

ठाण्यातल्या तिघांनी तो हिवाळा बर्फात खोदलेल्या गुहेत काढला. ग्रीनलँडच्या मधोमध बर्फ दोन किलोमीटरहून जाड आहे, हे या मोहिमेनं दाखवलं. आणि १९६० च्या दशकात समुद्रतळ पसरतो हे दिसल्यावर वेगेनरचे सरकते खंडही जगानं मान्य केले.

आता ध्रुवाकडचे किनारे उपग्रहांवरून मोजतात. आणि ते वेगळ्याच कारणानं बदलतायत. २००० ते २०२० या काळात उत्तर गोलार्धात समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या मागे हटल्या आणि जवळपास अडीच हजार किलोमीटर नवा किनारा उघडा पडला. त्यातला दोन-तृतीयांश एकट्या ग्रीनलँडचा. वितळण्याचं मोठं कारण म्हणजे कोळसा आणि तेल जाळून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. एकलहऱ्याच्या चिमण्यांचाही त्यात चिमूटभर वाटा आहे. त्याच चिमण्यांच्या विजेवर मी हे टाइप करतेय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

आपले लोकही हे मोजतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा तिथून आखल्या जातात. २०१२ पासून सुरू असलेलं आपलं भारती हे ठाणं अंटार्क्टिकात लार्समन टेकड्यांवर आहे. साधारण बारा कोटी वर्षांपूर्वी तो किनारा भारताच्या पूर्व किनाऱ्याला चिकटलेला होता, असं मानतात. नेमका कुठं? आजच्या महानदी आणि गोदावरीच्या मुखांच्या दरम्यान.